फोन कोणाला करायचा?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जनावरांची मोठी साथ येण्याआधी देशाने तयारी काय ठेवायची, यावर तिला निबंध लिहायचाय. मी म्हटलं, त्यात काय एवढं, लशीचा साठा करून ठेवायचा! ती नुसती हसली. माझं चुकलं कुठे?

उत्तर : फार नाही चुकलं. नोकरीतली पहिली काही वर्षं मीही हेच सांगत फिरायचो. पण लस कोणती? गाई, मेंढ्या, डुकरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकुताचंच घ्या; त्याच्या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. तयार लस फार काळ टिकतही नाही. म्हणून काही देश द्रवरूप नायट्रोजनमध्ये नुसतं अँटिजेन, म्हणजे लशीचा मूळ घटक, गोठवून ठेवतात आणि प्रकार कळला की त्यापासून काही दिवसांत लस करून घेतात. प्रकार कळायला नमुना हवा, आणि नमुना घ्यायला आधी कुणीतरी फोन करायला हवा. घोडं तिथेच पेंड खातं.

२००१ सालचं ब्रिटन घ्या. २० फेब्रुवारीला लाळ्या-खुरकुतावर शिक्कामोर्तब झालं, तेही इसेक्समधल्या कत्तलखान्यातल्या डुकरांवरून. रोग त्याआधीच उत्तरेकडच्या एका वराहपालन केंद्रात होता. तिथे डुकरांना प्रक्रिया न केलेलं खरकटं घालत होते, आणि मालकाने काही कळवलं नाही. जवळच्या मेंढ्यांना तो लागला आणि त्या १३ तारखेला हेक्सहॅमच्या बाजारात गेल्या, तिथून व्यापाऱ्यांबरोबर पुढे. मेंढीत हा रोग दिसतो तरी कसा? थोडी लंगडते, बस. जनावरांची वाहतूक बंद झाली २३ तारखेला. आराखडा नव्हता असं नाही, पण तो एका वेळी दहाएक ठिकाणी रोग सापडेल असं धरून केलेला. शेवटी साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यातली कितीतरी निरोगी होती.

आराखड्यावरून आठवलं. साथीच्या तयारीच्या एका सरावात मी स्वतः होतो. पहाटे साडेपाचला ‘रोग सापडला’ असा निरोप वर द्यायचा होता. यादीतल्या पहिल्या नंबरावरचे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले. झोपमोड होऊनही बिचारे माझी विचारपूस करत बसले. दुसरा नंबर लागेना. संरक्षक पोशाखांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तो रजेवर. कुलूप तोडलं तर आत सगळे गमबूट सात नंबरचे, आणि माझा पाय दहाचा. तपासणीसाठी जिभेवरच्या फोडाची साल ज्या बफरमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवायची, त्याच्या बाटल्यांची मुदत टळलेली. सराव फसला म्हणून नंतर बोलणी बसली. मला मात्र बरंच वाटलं. खऱ्या साथीत हे कळलं असतं तर?

मुलीला सांगा, निबंधात भरपाईवर दोन पानं जास्त लिही. जनावर मारायचं झालं तर मालकाला पैसे किती, कधी आणि कोण देणार, हे साथ येण्याआधी ठरलेलं आणि त्याला माहीत असलेलं हवं. गायीची लाळ तारेसारखी लोंबतेय, तोंड उघडावं तर जिभेची साल हातात येतेय, अशा वेळी त्याला डॉक्टर आठवत नाही, कर्जाचा हप्ता आठवतो. मग धडधाकट दिसणारी बाकीची जनावरं तो रातोरात विकून मोकळा होतो. विषाणू तर लक्षणं दिसायच्या आधीपासूनच बाहेर पडत असतो. बाजारभावापेक्षा जास्त भरपाईही नको हं; मग लोक रोगाची वाटच बघतील. ऑस्ट्रेलियात सरकारं आणि पशुपालकांच्या संघटना यांच्यात २००२ पासून लेखी करार आहे. कोणत्या रोगात खर्चाचा कोणता वाटा कोणी उचलायचा, हे त्यात आधीच ठरलेलं. आणि लाळ्या-खुरकूत तिथे १८७२ नंतर आलेलाच नाही.

तुमच्या लशीच्या साठ्याला माझा विरोध नाही, पण त्याआधी धुण्याचा सोडा आणून ठेवा. लिटरभर पाण्यात चाळीस ग्रॅम; या विषाणूला मारायला तेवढा पुरतो. मात्र बुटाला शेण चिकटलेलं असलं तर विषाणू त्या शेणाच्या आत सुखरूप राहतो. आधी ब्रशने शेण काढायचं, मग बूट सोड्यात बुडवायचा. चिखलाचे बूट टबात नुसते टेकवून आत शिरणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. घाईत एकदा मीही तसाच शिरलो होतो, आणि गोठ्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी मला परत बाहेर काढलं.