शाळेच्या संघाला रग्बी शिकवायला नुकती सुरुवात केली आहे. अनुभवी प्रशिक्षकांकडून तंत्र नेमकं कसं शिकायचं?

एखाद्या जुन्या प्रशिक्षकाच्या सरावाला सलग पाच-सहा आठवडे जा आणि खेळाकडे नाही, त्यांच्याकडे बघा: ते कुठे उभे राहतात, किती शब्दांत सांगतात, सराव कधी थांबवतात. खेळाचे नियम व्हिडिओतून कळतात, पण हे मैदानावरच दिसतं. उदाहरणार्थ टॅकल, म्हणजे बॉल घेतलेल्या खेळाडूला धरून खाली पाडणं. चांगले प्रशिक्षक मुलांना आधी गुडघ्यांवर बसवून शिकवतात, मग चालत, मग हळू धावत. बाजूने टॅकल करताना डोकं बॉल घेतलेल्या खेळाडूच्या मागच्या बाजूला राहिलं पाहिजे, यावर ते एकदाही सूट देत नाहीत, कारण डोकं पुढे आलं की त्यावर गुडघा बसतो. मी स्वतः हे असंच, शंकू मांडायला मदत करत करत शिकलो. सरावानंतर एकच प्रश्न विचारा: ‘आज तो ड्रिल मध्येच का बदललात?’ उत्तरात तंत्रापेक्षा जास्त काही मिळतं.

जाण्याआधी वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा ‘रग्बी रेडी’ हा मोफत ऑनलाइन कोर्स करा, नंतर त्यांचाच प्रशिक्षकांसाठीचा लेव्हल १ कोर्स.

मात्र सुरक्षेच्या बाबतीत नुसत्या अनुभवावर विसंबू नका. इंग्लंडमध्ये क्लब आणि शाळांच्या रग्बीत २०२३ पासून टॅकल छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर करता येत नाही. जुन्या सवयीचे प्रशिक्षक खांद्यापर्यंतचं टॅकल शिकवतील. तुमच्या स्पर्धेचा चालू नियम स्वतः वाचा.