मुंबईत राहून स्वतःचं दोन आसनी विमान बांधता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत दोन बेडरूमचा फ्लॅट, वर सोसायटीची गच्ची, मेकॅनिकलची पदवी आणि हाताशी फक्त शनिवार-रविवार. एवढ्यावर दोन आसनी विमान स्वतः बांधता येईल का, आणि सुरुवात कशापासून करावी?

बांधता येईल. मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये एकतीस वर्षं विमानांच्या देखभालीचं काम केलं. निवृत्तीनंतर दोन मित्रांसोबत वसई पूर्वेला गाळा घेतला आणि परदेशी किटवरून (विमानाच्या सुट्या भागांचा तयार संच) दोन आसनी विमान बांधायला घेतलं. आता सहावं वर्ष चालू आहे. शेपूट, पंख, धड झालं, इंजिन माउंटवर बसलं, वायरिंग चालू आहे. अजून ते उडालेलं नाही. त्यामुळे बांधण्याबद्दल मी जे सांगतो ते अनुभवातून, आणि उडवण्याबद्दल जपून.

गच्चीचं नाव काढलंत म्हणजे कॅप्टन अमोल यादव तुमच्या डोळ्यांसमोर असणार. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं, २०१७ मध्ये नोंदणी मिळवली आणि चाचणी धुळ्याच्या धावपट्टीवर केली. त्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते आराखड्यापासून स्वतःचं विमान होतं, आणि कागदपत्रांसाठी त्यांना किती वर्षं झगडावं लागलं ते सगळ्यांनी वाचलंय. पहिल्या खेपेला तुम्ही नवा आराखडा काढू नका. जगात शेकड्यांनी उडत असलेला, ज्याच्या पंखाची ताकद आधीच तपासून झालीय असा किट घ्या.

किट कोणता, हे मुंबईकरासाठी रिव्हेटवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांवर, ठरतं असं माझं मत आहे. पत्र्याच्या विमानात दोन पद्धती असतात. एक भरीव रिव्हेटची: एकाने बाहेरून रिव्हेट गन चालवायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा धरायचा. काम सुरेख होतं, पण माणसं दोन लागतात आणि आवाज मशीनगनसारखा. फ्लॅटमध्ये हे एक रविवारसुद्धा चालणार नाही, सोसायटीची नोटीस दारात येईल. दुसरी पद्धत ओढून बसवायच्या रिव्हेटची. व्हॅन्सचं आरव्ही-१२ आणि झेनिथचं सीएच-७५० बहुतांश असेच जोडले जातात. एकट्याने, जवळजवळ आवाज न करता काम होतं. आम्ही हीच पद्धत निवडली. मात्र हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिव्हेट यात कधीही वापरायचे नाहीत. किटबरोबर येतात त्यांची ताकद ठरलेली असते, दिसायला दोन्ही सारखेच.

फायबरच्या विमानांचा मोह मलाही झाला होता. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडसारखा सुंदर आकार पत्र्यातून निघत नाही. पण फायबरचे थर चिकटवणारं इपॉक्सी दमट हवेत नीट बसत नाही. पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो न धुता पुढचा थर दिला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. जून ते सप्टेंबर आपली हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. वातानुकूलित, कोरडी खोली असेल तरच त्या वाटेला जा.

पत्र्यालाही आपली हवा सोडत नाही. किटमधल्या पत्र्यावर ओरखडे येऊ नयेत म्हणून प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते. आम्ही ती जपून ठेवली, काम करताना काढू म्हणून. दोन पावसाळ्यांनंतर एका पत्र्यावरची फिल्म सोलली तर खाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा: फिल्मच्या कडेने खारी ओल शिरून आतल्या आत गंज चालू झाला होता. तो पत्रा बाद केला. तेव्हापासून नियम केला, पत्रा आला की फिल्म काढायची, पुसायचा, कापडात गुंडाळून उभा ठेवायचा. जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) आधी, रिव्हेट नंतर. कोरड्या प्रदेशातले लोक प्रायमर लावावा की नाही यावर वाद घालतात. वसईत त्या वादाला जागा नाही.

आता खरं सांगायचं ते. लोक वर्षानुवर्षं पंखाच्या गुळगुळीतपणावर जीव लावतात आणि इंधनाची वाट व तारा शेवटच्या सहा महिन्यांत उरकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला. त्यात सर्वांत वर दोन कारणं निघाली, इंजिन व त्याच्या यंत्रणेतला बिघाड आणि हवेत सुटलेला ताबा. नव्या विमानाचे पहिले काही तास विशेष घातक. म्हणून तुमची सगळी चिकाटी पेट्रोल आणि वीज यांच्यासाठी राखून ठेवा असं मी कळकळीने सांगतो.

आमच्या टाकीची गोष्ट ऐका. टाकी म्हणजे पंखाचाच पुढचा भाग, आतून पॉलिसल्फाइडच्या सीलंटने बंद केलेला. हा सीलंट काळा, डांबरासारखा चिकट, दोन भाग मिसळून करायचा. पुस्तिकेत मिसळल्यावर किती वेळ हातात मिळतो ते छापलेलं असतं, पण उष्णता आणि दमटपणा वाढला की तो भराभर आवळतो. आम्ही मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, एकदम मोठा घाणा मिसळला. शेवटच्या दोन फासळ्यांपर्यंत (पंखाला आतून आकार देणाऱ्या पट्ट्या) पोचेतो तो च्युइंगमसारखा झाला होता. तिथेच थांबायला हवं होतं. एवढं महागाचं सामान वाया कसं घालवायचं म्हणून आम्ही रेटून रिव्हेट मारले.

आठवड्याने फुग्याची चाचणी केली. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका नळीला लहान मुलांचा फुगा बांधायचा, सायकलच्या पंपाने हलके हवा भरायची. फुगा हाच सुरक्षा-झडप, कारण थोडासा जादा दाबही टाकीचा पत्रा फुगवतो, तिथे कॉम्प्रेसर लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी फुगा लोळला होता. फुगा तापमानानेही लहान-मोठा होतो, म्हणून एवढ्यावर निकाल लावला नाही. साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं. त्याच दोन फासळ्यांपाशी दोन रिव्हेट आणि मागचा कोपरा, तिन्ही ठिकाणी बुडबुडे. आमच्यातला टूलरूमवाला म्हणाला, "बाहेरून थापून देऊ, कोण बघतंय?" त्याचा राग आला नाही, तेव्हा माझ्याही मनात तेच होतं. पण बाहेरून थापलेला सीलंट आतल्या पेट्रोलच्या दाबाने आज ना उद्या सुटतो. मागची भिंत उघडली, चाळीसेक रिव्हेट ड्रिलने काढले, जुना सीलंट लाकडी पट्टीने खरवडला. तीन महिने गेले. पुन्हा केलं ते डिसेंबरात, पहाटे, लिंबाएवढे गोळे मिसळून. तो फुगा चार दिवस ताठ होता.

पेट्रोलचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. रोटॅक्स ९१२ हे या वर्गातलं सर्वांत रुळलेलं इंजिन, वजन साठ किलोच्या आसपास, ताकद मॉडेलप्रमाणे ८० किंवा १०० अश्वशक्ती. ते मोटारीच्या पेट्रोलवर चालतं हे वाचून लोक खूश होतात. पण इथेनॉलची त्याची मर्यादा १० टक्के आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिश्रण येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबरी नळ्या आणि सीलंटही त्याने खराब होऊ शकतात. तपासायला सोपं आहे: मापाच्या नळीत नव्वद भाग पेट्रोल, दहा भाग पाणी, हलवून ठेवा. खालचा पाण्याचा थर वाढून दहा भागांच्या वर गेला तर ती वाढ इथेनॉलची. पाण्याने इथेनॉल धुऊन काढायचा उद्योग मात्र करू नका, ऑक्टेन घसरतो. आम्ही एव्हगॅस, म्हणजे विमानांसाठीचं खास पेट्रोल, धरून चाललोय. २०२२ पासून इंडियन ऑइल ते बडोद्यात बनवतं, त्याआधी सगळं आयात व्हायचं. त्यात शिसं असतं, म्हणून इंजिनचं तेल लवकर बदलावं लागेल.

इंजिन चालू करण्याआधी प्रवाहाची चाचणी सोडू नका. विमानाचं नाक चढणीच्या कोनात उचलून, टाकीत अगदी थोडं इंधन ठेवून, कार्बोरेटरला जाणारी नळी सोडायची आणि मापाच्या भांड्यात घड्याळ लावून मोजायचं. पंपाने येणारं इंधन इंजिनच्या उड्डाणावेळच्या गरजेच्या १२५ टक्के हवं, नुसत्या उतारावर येत असेल तर १५० टक्के. १०० अश्वशक्तीचं ९१२ पूर्ण ताकदीला ताशी सत्तावीस लिटरच्या आसपास पितं, म्हणजे पंपावर निदान चौतीस लिटरचा वेग दिसला पाहिजे. बाहेर, मोकळ्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून. गाळ्यात पेट्रोल साठवू नका.

तारांच्या बाबतीत आमच्या तिघांतल्या दुसऱ्या मित्राने मला शिकवलं. तो टेलिफोन खात्यात होता. घरगुती पीव्हीसी तार विमानात नको: जळली तर तिचा धूर बंद कॉकपिटमध्ये माणसाला आंधळा करतो. टेफझेल या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची तार घ्या, तारेच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवायला (क्रिंप करायला) चांगलं रॅचेटचं हत्यार घ्या, आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावा. ही शेवटची शिस्त त्याची. रात्री नऊ वाजता एखादा दिवा पेटत नाही तेव्हा तिची किंमत कळते. अर्थिंगच्या तारा सगळ्या एका ठिकाणी आणा, नाहीतर रेडिओत इंजिनची शीळ ऐकू येते.

आणि विजेचा हिशेब आधी कागदावर करा. ९१२ चा स्वतःचा जनरेटर अडीचशे वॅटच्या आसपास देतो. दोन स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र), पंप, बॅटरीचं चार्जिंग यांतच तो संपत येतो. जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा लँडिंग लाइट लावलात तर बॅटरी हळूहळू उपाशी राहील. म्हणून दिवे एलईडी.

पॅनलवर काय काय बसवावं, हे तुम्ही दोन परिच्छेद भरून विचारलंय. माझं उत्तर छोटं आहे: दिवसा, स्वच्छ हवेत उडायला लागतं तेवढंच. वेग, उंची, होकायंत्र, इंजिनचे आकडे, इंधन, रेडिओ, ट्रान्सपाँडर, अपघातात ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देणारा ईएलटी. पॅनल सगळ्यात शेवटी विकत घ्या, चार वर्षांत उपकरणं बदलतात. प्रत्येक किलो चढाईतून वजा होतो. आपल्याकडे समुद्रसपाटीवरही ३५ अंशांच्या दुपारी हवा एवढी विरळ असते की पंख आणि इंजिन जणू चोवीसशे फुटांवरून निघतात.

कागदपत्रं पहिल्या रिव्हेटच्या आधी सुरू करा. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), रेडिओचा परवाना दूरसंचार खात्याचा. काय बांधणार, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या टप्प्यावर तपासणी, हे लेखी मागून घ्या. झाकलेला पंख नंतर कोणाला दाखवता येत नाही. आम्ही रोजच्या कामाचे फोटो, तारीख, रिव्हेट आणि सीलंटचा बॅच क्रमांक वहीत लिहितो. आजवर अशा अकरा वह्या झाल्या. जुहूचं नाव मनातून काढा. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरले तेव्हा आकाश मोकळं होतं. आज मुंबईवरच्या गर्दीत न तपासलेलं विमान पहिल्यांदा उडवणं कुणाच्याच हिताचं नाही. ट्रकवर पंख वेगळे घालून शहराबाहेरची धावपट्टी गाठायची, हे आत्ताच ठरवा.

खर्च: आमचा आजवर अडतीस लाखांच्या वर गेलाय, तिघांत वाटून, आणि रंग बाकी आहे. वेळ: एकट्याने आठवड्याला दहा तास दिलेत तर वर्षाला पाचशे, आणि साधा किटही हजाराच्या पुढे जातो. फ्लॅटमध्ये शेपूट नक्की होईल. पंखाला गाळा लागेल. गच्ची पावसाळ्यात उपयोगाची नाही. वैमानिकाचा खासगी परवाना काढायचा तर किमान ४० तासांचं उड्डाण आहे, त्याचे पैसे वेगळे ठेवा.

आता या महिन्यात करायचं ते. पूर्ण किट मागवू नका. ॲल्युमिनियमच्या फूटभर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, एकावर एक ठेवून तीस भोकं पाडा, दोन्ही बाजूंची बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर) काढा, रिव्हेट लावा. मग त्यातले दहा ड्रिलने काढा, आणि नवा ड्रिलबिट घालून बघा भोक मूळ मापाचंच राहिलंय की मोठं झालंय. माझी पहिल्या दिवशी दहापैकी चार राहिली होती, एकतीस वर्षांच्या हाताने. तुमची आठ राहिली की फक्त शेपटीचा किट मागवा, आणि तो खोका उघडाल तेव्हा मला इथेच कळवा.