शकुनाचा एक रुपया

स्टुटगार्ट

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

नागपूरला मावशीच्या लग्नात अहेराची पाकिटे मोजायला तू आजीजवळ बसलीस आणि कुणीही नुसते शंभर किंवा पाचशे दिलेले नाहीत, हे तुझ्या लक्षात आले. १०१ ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही, तिचे सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून आपण ती शुभ मानतो का, असे तू विचारले आहेस. प्रश्न मला फार आवडला.

१०१ मूळ आहे हे खरे. पण ५१ आणि ५०१ या दोहोंना ३ ने भाग जातो, आणि १००१ तर ७, ११ व १३ यांचा गुणाकार आहे. तेव्हा ही रीत मूळ संख्यांची नसून वरच्या एका रुपयाची आहे. नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या अहेराच्या पाकिटावर नाणे आधीच चिकटवलेले असते, ते त्यासाठीच. देणे शून्यावर संपू नये, नाते पुढे चालू राहावे, असे आपली जुनी माणसे सांगतात.

त्या एका रुपयाचे गणित मात्र तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचे आहे. ५०० ला २ ने आणि ५ ने भाग जातो. एक मिळवताच दोन्हींची बाकी एक उरते. हीच युक्ती प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी वापरली. समज, कुणी म्हणाले की मूळ संख्या २, ३, ५, ७, ११ आणि १३ एवढ्याच आहेत. त्यांचा गुणाकार ३०,०३०. त्यात शकुनाचा एक मिळव. ३०,०३१ ला या सहांपैकी कशानेही भागलेस तरी बाकी एकच उरते, म्हणून तिला भागणारी मूळ संख्या यादीबाहेरचीच असली पाहिजे, आणि खरोखरच ती ५९ गुणिले ५०९ निघते. यादी कितीही लांबवली तरी हेच घडते. मूळ संख्या कधीच संपत नाहीत.

एखादी मोठी संख्या मूळ आहे हे दाखवणे मात्र फार कष्टाचे असते. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही संख्या घे. २ च्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की ती मिळते. तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे तर चार हजारांहून अधिक भागाकार करावे लागले असते. स्विस गणिती ऑयलरने ओळखले की तिला भागणारी मूळ संख्या असलीच, तर २४८ ने भागल्यावर तिची बाकी १ किंवा ६३ च उरेल. त्यामुळे तपासायला चारशेहूनही कमी संख्या राहिल्या, आणि १७७२ मध्ये ती मूळ ठरली. याच घडणीची, २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घाताहून एकाने लहान अशी मूळ संख्या २०२४ मध्ये सापडली. तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत. आपला परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, तोही तिच्यापुढे कुठच्या कुठे राहतो.

घातांक मूळ असला की उत्तरही मूळच येते, असे मात्र समजू नकोस. २ चा अकरावा घात वजा एक म्हणजे २,०४७. तिला कशाने भाग जातो ते शोधून कळव. २२ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्याच तेवढ्या तपास. आजीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आई