फाइल पोरकी करू नकोस

रत्नागिरी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. रविवारी ओटीवर बसून तू कायद्याच्या इंटर्नशिपचे तीन कागद माझ्यापुढे ठेवलेस आणि विचारलेस, ‘काकू, यांतले कुठले काम जनहिताचे म्हणून धरले जाईल?’ एक कागद मुंबईच्या मोठ्या लॉ फर्मचा होता, दुसरा दिल्लीच्या एका संस्थेचा, आणि तिसरा आपल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा कोरा अर्ज होता, जो तू वडिलांच्या आग्रहाखातर घेतला होतास. ‘जिथे परत जाणार असशील तिथे जा,’ एवढे तुटक बोलून मी आत निघून गेले आणि तू चहा अर्धा ठेवून उठलीस. ते माझे चुकले. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर आता सविस्तर लिहिते.

गरिबांचे खटले का चालवावेत, हे तुला पटवत बसण्याची गरज नाही. ते पटलेले नसते तर तू माझ्याकडे आलीच नसतीस. मला सांगायचे आहे ते एकच, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: हातात घेतलेली फाइल पोरकी करू नये. शहर कोणते, संस्था कोणती, प्रमाणपत्रावर सही कोणाची, या गोष्टी त्यानंतर येतात.

तुम्हा विद्यार्थ्यांच्या सरावाच्या अभिरूप न्यायालयांत चवदार तळ्याचे नाव नेहमी घेतले जाते आणि २० मार्च १९२७ ही तारीख तुम्हा सर्वांना पाठ असते. पण त्या तळ्याचा दावा तुमच्यापैकी किती जणांनी वाचला आहे? त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या न्यायालयात डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा दाखल झाला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, आणि २५ डिसेंबरच्या परिषदेसाठी हजारो माणसे महाडात जमलेली असताना तळ्यावर न जाण्याचा निर्णय घ्यावा लागला. महाडचा निकाल १९३१ साली लागला, त्यावर ठाण्याला अपील झाले, तिथून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर तो लागला. म्हणजे पाणी ओंजळीत घ्यायला एक दिवस पुरला आणि तो हक्क कागदावर टिकवायला जवळजवळ दहा वर्षे साक्षी, जबाब आणि तारखा सांभाळाव्या लागल्या. ती फाइल मध्येच कोणी सोडली असती तर आज महाडचे नाव आपण कशासाठी घेतले असते, याचा तू विचार कर.

आता माझी गोष्ट सांगते, जी मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही.

१९८६ च्या मे महिन्यात, मुंबईत कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी लांज्याच्या बाजूच्या एका गावात कायदेविषयक सल्ला शिबिरासाठी गेले होते. तिथे एक विधवा बाई आली. तिच्या घराखालचा भाताचा कुणगा तिचा नवरा कूळ म्हणून कसत होता, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनालाही, म्हणजे कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले त्या दिवशीही, तो त्याच्याच कसवणुकीत होता. परंतु कूळकायद्याच्या कलम बत्तीस-गची, म्हणजे कुळाच्या जमीन खरेदीची, चौकशी तिच्या विरुद्ध गेली होती आणि अपिलाची ६० दिवसांची मुदत चालू होती. तिच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता, त्यात नवऱ्याने जपून ठेवलेल्या खंडाच्या पावत्या होत्या. तिने तो डबाच माझ्या हाती दिला. मी तो मुंबईला नेला, कारण मला ग्रंथालयात बसून टिपण लिहायचे होते. टिपण अकरा पानांचे झाले. त्यात मोफत कायदेशीर मदतीविषयीचा राज्यघटनेचा अनुच्छेद ३९क होता, कच्च्या कैद्यांविषयीचा हुसैनारा खातूनचा १९७९ चा निकाल होता, आणि आमच्या प्राध्यापकांनी ते वर्गात वाचून दाखवले. त्यानंतर महाविद्यालय सुरू झाले, वक्तृत्व स्पर्धा आली, आजारपण आले. गणपतीला मी घरी आले तेव्हा मुदत उलटून गेलेली होती. भर पावसात ती बाई तीन वेळा तालुक्याला येऊन, शिबिराला आलेली मुंबईची मुलगी कुठे राहते, अशी चौकशी करून गेली होती. विलंबमाफीचा अर्ज आम्ही दिला आणि तो नामंजूर झाला. कुणगा गेला. मी तिच्या दारात गेले तेव्हा तिने पावत्यांबद्दल काही विचारले नाही. डबा मात्र परत मागितला, कारण तिला मीठ ठेवायला तो लागत होता.

मी तेव्हा विद्यार्थिनी होते, मला वकिलीची सनद नव्हती, वकीलपत्रावर सही करण्याचा अधिकार नव्हता, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आले आणि ते खोटेही नाही. पण त्या कामाला माझी सनद लागतच नव्हती. त्या पावत्या मुदतीच्या आत एखाद्या वकिलाच्या टेबलावर पोचवायच्या होत्या, बाईला पोच द्यायची होती आणि पुढची तारीख सांगायची होती. ते विद्यार्थ्याचेच काम होते. तुम्हाला न्यायालयात उभे राहता येत नाही, याची खंत तू रविवारी बोलून दाखवलीस. मला त्या खंतीचे फारसे काही वाटत नाही, कारण आपल्याकडची बहुतेक प्रकरणे युक्तिवादाअभावी हरत नाहीत. शिबिर आणि वकील यांच्या मधल्या अंतरात ती हरवतात, आणि त्या अंतरात उभे राहायला कोणत्याही सनदेची गरज नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे, आणि कोणत्याही एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. तुम्ही मुले या नियमातून पाच शहरांचा प्रवास तयार करता. मला त्याच आकड्यांत एकाच ठिकाणी पाच वेळा परत येण्याची सोय दिसते. तुझे १२ आठवडे तीन शहरांत गेले. त्या तीन ठिकाणी ज्यांचे अर्ज तू लिहिलेस त्यांचे पुढे काय झाले, असे मी विचारले आणि तुला एकाचेही सांगता आले नाही. माझा आवाज चढला तो तेव्हा. तुझे आठ आठवडे अजून शिल्लक आहेत. खटले आणि अपिले चालवणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी काम केलेच पाहिजे, असेही तो नियम सांगतो, आणि त्याच्या यादीत स्वयंसेवी संस्था व न्यायसंस्था यांच्याबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेख आहे. तरीही ग्रामपंचायतीत चार आठवडे बसलेला कायद्याचा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही.

तो कोरा अर्ज तू ज्या प्राधिकरणाचा आणलास ते १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली चालते, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याचे कलम १२ तू परीक्षेसाठी वाचले असशील. आता तहसील कचेरीच्या पायरीवर बसून ते पुन्हा वाच. स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो, कोठडीतल्या माणसाला मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मिळतो, आपत्तीग्रस्ताला मिळतो. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा ज्यांची दुकाने आणि घरे पाण्यात गेली त्यांच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? कायद्याच्या विद्यार्थ्याला सनद मिळेपर्यंत या यंत्रणेत पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून काम करता येते. काम साधे असते: अर्ज लिहून देणे, माणसाला योग्य खिडकीपर्यंत नेणे, तारखेची आठवण करणे. दिल्लीच्या संस्थेत तुला याहून मोठ्या विषयावर संशोधन करायला मिळेल, हे मी नाकारत नाही. पण ते संशोधन ज्याच्याविषयी असेल तो माणूस तुला कधी दिसणार आहे का?

एक उदाहरण देते. आपल्या गावात विशेष कारागृह आहे आणि त्याच्या भिंतीजवळून तू लहानपणापासून ये-जा करतेस. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की, ज्या कच्च्या कैद्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही, त्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याला बंधपत्रावर सोडले पाहिजे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असले तरीही अडचण येते. मुदत भरली की कारागृह अधीक्षकांनी न्यायालयाला लेखी अर्ज करायचा असतो. अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा आणि झालेले दिवस, हा हिशेब एखादी विद्यार्थिनी वहीत मांडू शकते आणि तो विधी सेवेच्या वकिलाच्या हाती देऊ शकते. मात्र हिशेब देऊन थांबायचे नाही. अर्ज गेला का, हुकूम झाला का, जामीनदार मिळाला का आणि माणूस सुटून घरी पोचला का, इथपर्यंत ती फाइल तुझी आहे.

जनहित याचिकेचा मसुदा लिहिण्याचा तुझा उत्साह मी पाहिला आहे आणि त्याबाबत मला थोडे कठोरपणे लिहावे लागेल. किनाऱ्यावरच्या प्रकल्पाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जावे, असे तू म्हणालीस. पण २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो. तो सारांश मिळवून कोळीवाड्यात मोठ्याने वाचून दाखवणे, लोकांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत लिहून घेणे आणि प्रत्येक हरकतीवर पोचेचा शिक्का घेणे, हे काम तुझ्या मसुद्याच्या आधीचे आहे. मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते आणि विलंबाचे पुरेसे कारण दाखवले तरी ती आणखी ६० दिवसांपलीकडे वाढत नाही. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे आहेत, त्यामुळे अंतराची जुनी सबब आता बरीचशी सरली आहे. बलवंतसिंह चौफाल प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, याचिका दाखल करून घेण्यापूर्वी याचिकाकर्त्याची विश्वासार्हता आणि मजकुराचा खरेपणा तपासावा, असे सांगितले आहे. ज्याने वाडीत जाऊन कागद गोळा केलेले नाहीत त्याला तो खरेपणा कुठून आणता येणार?

पैशांबद्दल तू संकोचाने विचारलेस. संकोच करू नकोस. मी वारस दाखल्यांवर, आंबा बागायतींच्या शोध अहवालांवर आणि बँकांच्या कामावर घर चालवले आणि आठवड्याचे दोन दिवस कुळांच्या, विधवांच्या आणि सामायिक सातबाऱ्यात नाव हरवलेल्या मुलींच्या कामाला दिले. माझ्या वर्गातली मैत्रीण आज मुंबईत वरिष्ठ वकील आहे, आणि मी तिकडे राहिले असते तर अधिक लोकांच्या उपयोगी पडले असते, असे ती अजूनही म्हणते. कदाचित ते खरे असेल. माझा एक सहायक मला सोडून गेला, कारण मी नवीन प्रकरणे घेत नव्हते आणि जुनी सोडत नव्हते; आलेल्या माणसाला परत पाठवणे हा निष्ठुरपणा आहे, असे त्याचे मत होते. असे परत गेलेले काही चेहरे मला आठवतात आणि त्या रात्री झोप लागलेली नाही. तरीही, घेतलेली फाइल मध्येच टाकण्यापेक्षा न घेणे बरे, हे माझे मत बदललेले नाही आणि या वयात ते बदलणारही नाही. त्या डब्याची जबाबदारी मी कोणत्याही दुसऱ्या मार्गाने फेडू शकत नव्हते. तुला हा हट्ट वाटत असेल तर वाटू दे.

मुंबईला जायचे असेल तर जरूर जा, मी रागावणार नाही. फक्त तिथेही शेवटच्या दिवशी, तुझ्याकडची प्रत्येक फाइल कोणाच्या हाती दिलीस, ते लिहून ठेव आणि दोन महिन्यांनी फोन करून विचार. इथे राहायचे ठरवलेस तर सोमवारी सकाळी साडेदहाला ये. मी एक नोंदवही आणून ठेवली आहे. तिचे रकाने मी आखले आहेत: नाव, गाव आणि वाडी, कोणता कागद पाहिला, मूळ प्रत कोणाकडे आहे, पोच क्रमांक, मुदतीची तारीख, आणि पुढे काम कोणाकडे दिले. राजापूरच्या बाजूच्या एका बाईचे फेरफाराविरुद्धचे अपील आहे, त्याचे ६० दिवस पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला संपतात. पहिल्या ओळीत तिचे नाव घाल. ती मूळ कागद देऊ लागली तरी घेऊ नकोस. समोरच्या दुकानात झेरॉक्स काढ आणि मूळ तिच्या पिशवीत तिच्यादेखत परत ठेव. झेरॉक्सचे पैसे माझ्या खात्यावर लिहायला सांग.

तुझी,
वकीलकाकू