काळा बिबट्या ही वेगळी जात आहे का?

नाही. आपल्याकडे ज्याला ब्लॅक पँथर म्हणतात तो बिबट्याच. फक्त त्याच्या केसांत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य जास्त असतं. तिरप्या उन्हात नीट पाहा, काळ्या अंगावरही ठिपके उमटलेले दिसतात. फार सुंदर दिसतं ते! बिबट्यात हा गुण अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही तो मिळावा लागतो. म्हणून पिवळ्या जोडीलाही काळं पिल्लू होऊ शकतं आणि एकाच वेतात दोन्ही रंगांची भावंडं असू शकतात. जग्वारमध्ये, म्हणजे अमेरिका खंडातल्या बिबट्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात मात्र काळेपणा प्रभावी असतो, एकाकडून आला तरी पुरतो. आणि हो, पांढऱ्या वाघाला अल्बिनो, म्हणजे रंगद्रव्यच नसलेला, म्हणणंही चूक आहे. त्याचे पट्टे गडदच असतात, रंगद्रव्य पूर्ण गेलेलं नसतं.