लिसेनसेफलीवर इलाज नाही, मग जनुकीय तपासणी कशाला करायची?

ताई, तुमच्या आठ महिन्यांच्या मुलाच्या एमआरआयमध्ये लिसेनसेफली आली आहे, म्हणजे मेंदूवर वळ्या नीट पडलेल्या नाहीत. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सांगितली आहे आणि खर्च तीस हजारांच्या घरात जातोय. घरचे म्हणतात, इलाजच नाही तर पैसे कशाला घालवायचे? त्यात गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून सासूबाई तुम्हालाच बोल लावतात.

तपासणी करा. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याच्या आधीच करा.

मी कोल्हापुरात राहते. माझ्या मुलीला जुबर्ट सिंड्रोम आहे, तोही मेंदूच्या घडणीतलाच जन्मजात दोष. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली, तर मेंदूच्या मधोमध हुबेहूब दाढेचा आकार! त्या आकारावरून आजाराचं नाव कळलं, पण हा आजार तीसहून जास्त जनुकांमुळे होऊ शकतो. कुणाला त्यात डोळ्यांचा पडदा जातो, कुणाला यकृत, कुणाला मूत्रपिंड. आमच्या रिपोर्टमध्ये आलेलं जनुक मूत्रपिंडाला धोका असलेलं निघालं. त्यामुळे ती रात्री उठून सारखं पाणी मागायला लागली तेव्हा उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं नाही, लगेच क्रिएटिनिन आणि लघवी तपासली. मेंदूवर औषध मिळालं नाही, पण मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं हे वेळेत समजलं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो पुढच्या बाळाच्या हिशेबात. लिसेनसेफलीत दोष बहुतेक दोन जनुकांपैकी एकात सापडतो. एक १७ नंबरच्या गुणसूत्रावरचं एलआयएस१. त्यातला बदल साधारणपणे बाळातच नव्याने झालेला असतो, आईबापात नसतो, आणि मग पुढच्या वेळचा धोका फार कमी. दुसरं एक्स गुणसूत्रावरचं डीसीएक्स. हे आईकडून आलं असेल तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला ५० टक्के धोका, आणि मुलीलाही फिट्सचा सौम्य प्रकार होऊ शकतो. जवळच्या नात्यात लग्न असेल तर क्वचित तिसरा प्रकारही असतो, दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येते आणि दरवेळी २५ टक्के धोका राहतो. आमचं तसंच झालं, मी मामाच्या घरातच दिलेली. आपल्या भागात असं घरोघरी आहे, म्हणून डॉक्टरांना नातं न लाजता सांगा.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर विसंबू नका. त्या वेळी सगळ्याच बाळांचा मेंदू गुळगुळीत असतो, वळ्या नंतर पडतात. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दोष तसाच राहून जातो. पण जनुकातला नेमका बदल आधी माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा १६ आठवड्यांच्या पुढे गर्भजल काढून तोच बदल शोधता येतो. नोंदणीकृत केंद्रात हे कायदेशीर आहे, फक्त लिंग सांगत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, पण तोवर ताणायची वेळ कुणावर येऊ नये.

पैसे भरण्याआधी जनुकतज्ज्ञांना विचारा: आधी मायक्रोअ‍ॅरे की थेट एक्झोम? पहिल्या तपासणीत गुणसूत्राचा गळालेला किंवा जादा तुकडा दिसतो, दुसरीत जनुकांमधली अक्षरं एकेक करून वाचतात. एलआयएस१ चा अख्खा तुकडाच गळालेला असेल तर तो मायक्रोअ‍ॅरेत चांगला दिसतो, आणि मग तुम्हा दोघांची गुणसूत्रंही तपासावी लागतात. एक्झोम करायचं असेल तर बाळाबरोबर तुम्हा दोघांचंही रक्त द्या, नाहीतर बदल नवा की आलेला हे कळत नाही. त्यासाठी बाळाला घेऊन मुंबई गाठायची गरज नाही. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन ते कोल्हापुरातूनच पाठवतात. एमआरआयची सीडी मात्र जपून ठेवा, नुसता कागद नको. रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ म्हणजे अर्थ अजून न कळलेला बदल आला, तर तो आजाराचाच आहे असं कुणी म्हणू शकत नाही. त्यावर पुढच्या गरोदरपणाचा निर्णय घेऊ नका, वर्षा-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा वाचायला सांगा.

आणि सासूबाईंना रिपोर्ट वाचून दाखवा. असा बदल गर्भ राहतानाच आलेला असतो, तेव्हा तुम्हाला दिवस गेल्याचंही माहीत नसतं. ग्रहणात भाजी चिरली काय, पपई खाल्ली काय, तुमचा काहीही दोष नाही. डीसीएक्स तुमच्याकडून आलं असलं तरी नाही, ते कुणी निवडून घेत नाही.

रिपोर्टला आठवडे लागतील, तोवर फिजिओ थांबवू नका. आणि बाळ झोपेतून उठल्यावर हात पसरून, मान खाली घालून पुन्हापुन्हा दचकल्यासारखं करत असेल तर त्या फिट्स असू शकतात, या मुलांमध्ये नेहमी दिसतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.