खडे सापडले, म्हणून पित्ताशय काढायचं?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. वर्षभर पोट दुखतं म्हणते, हात बेंबीवर ठेवते. मार्चमधल्या सोनोग्राफीत काही निघालं नाही. ऑगस्टमध्ये टायफॉइड झाला, दहा दिवस सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शनं दिली. पोट दुखायचं थांबेना म्हणून सप्टेंबरात परत सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात चार-पाच मिलिमीटरचे खडे. सर्जन म्हणतात, दुर्बिणीने पित्ताशय काढू. सासरे म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या, शाळा बुडणार नाही. काय करू?
— एक आई, वरोरा

उत्तर : ताई, तुमच्याच पत्रातल्या तारखा लावून बघा. दुखणं वर्षाचं, खडे टायफॉइडनंतरचे. मग त्याआधीचे इतके महिने पोट कशाने दुखत होतं?

सेफ्ट्रियाक्झोन बरंचसं पित्तातून बाहेर पडतं. तिथे कॅल्शियमशी जुळून त्याचा साका बसतो आणि सोनोग्राफीत तो हुबेहूब खड्यांसारखा दिसतो. आम्ही त्याला खोटे खडे म्हणतो. औषध थांबलं की बहुतेक मुलांत ते काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, आपोआप जातात. डिसेंबरात उपाशीपोटी पुन्हा सोनोग्राफी करा. तोवर सुरीला हात नको.

पित्ताशयाचं दुखणं उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात उठतं, पाठीत नाहीतर उजव्या खांद्यात जातं, उलट्या होतात, झोपेतून उठवतं. बेंबीभोवतीचं दुखणं बहुधा वेगळं. ब्रिस्टलच्या जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली १००० शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला. दर दहांतल्या एकाचं पोट असं वरचेवर दुखत होतं, आणि बहुतेकांत कुठलाही अवयव बिघडलेला नव्हता. पण म्हणून काही ते नाटक नसतं. दुखतं ते खरंच दुखतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका बारा वर्षांच्या मुलाचं पित्ताशय काढलं होतं. खडे खरे होते, ऑपरेशनही झकास झालं. चार महिन्यांनी वडील त्याला परत घेऊन आले. हात तिथेच, बेंबीवर. त्यांच्याशी काय बोलावं, मला सुचेना.

एक तपासणी मात्र लगेच करा : सिकलसेलची. तुमच्या भागात हा आजार पुष्कळ आहे. त्यात लाल पेशी फुटत राहतात आणि लहान वयातच खरे खडे होतात. ते विरघळत नाहीत. तसं निघालं तर बेत बदलेल. ऑपरेशन ठरलंच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत हवं. आणि डोळे पिवळे झाले, किंवा तापाबरोबर उजवीकडे दुखू लागलं, तर डिसेंबरची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हो, शाळेतल्या संडासाला ती जाते का, की दिवसभर दाबून धरते? बद्धकोष्ठानेही बेंबीपाशी असंच दुखतं. सासऱ्यांसमोर नको, तिला एकटीला विचारा.